अर्धा टक्का मीठ

भाईंदर स्टेशनाबाहेरून उत्तनची बस धरली की मुर्धा फार लांब नाही. इमारती आता संपणार असे वाटते, त्या पुन्हा सुरू होतात आणि मधल्या फटीतून खाजण दिसते. मुर्धा, राई, मोर्वा ही तीन नावे इथली माणसे एका दमात उच्चारतात. मेट्रोच्या कारशेडवरून या गावांनी विरोध केला, तेव्हापासून बातम्यांतही ती जोडूनच येऊ लागली. कारशेड पुढे डोंगरीकडे सरकली. मिठागराच्या जमिनींचा प्रश्न मात्र कुठेही सरकलेला नाही, पण तो वेगळ्या लेखाचा विषय.

मी तिथे गेलो ते एका बाटलीसाठी. एप्रिलच्या अखेरीस, मीठ धरायच्या बेताला, शेवटच्या वाफ्यातले पाणी लाल होते. वीटकरी लाल नव्हे, रक्तासारखेही नव्हे. कोकमाचे सरबत जरा जास्त पातळ झाले तर जसे दिसेल तसे. बांधावर उभ्या असलेल्या एका आगरी काकांना मी विचारले, हे असे का होते. त्यांनी माझ्याकडे न बघताच सांगितले, "पानी लाल झाला का समजाचा, मीठ जवल आला." त्यांच्या दृष्टीने प्रश्न तिथेच संपला होता. मी वाकून बाटली भरून घेतली. काका हसले. मिठागरातून मीठ न नेता पाणी नेणारा माणूस त्यांनी बहुधा पहिल्यांदाच पाहिला असावा.

काकांचे म्हणणे बरोबर आहे आणि ते का बरोबर आहे हेही विज्ञानाला ठाऊक आहे. समुद्राच्या पाण्यात साधारण साडेतीन टक्के मीठ असते. ऊन ते आटवत नेते आणि मीठ खाली बसायची वेळ येते तेव्हा पाण्यात ते पंचवीस टक्क्यांच्या पुढे गेलेले असते. इतक्या खाऱ्या पाण्यात लोणचेसुद्धा नासत नाही, कारण बहुतेक जंतूंच्या पेशीतले पाणी बाहेर ओढले जाऊन ते सुकून मरतात. काही जीव मात्र इथेच फोफावतात. हॅलोबॅक्टेरियम, हॅलोफेरॅक्स, हॅलोआर्क्युला अशी त्यांची नावे. ग्रीकमध्ये हॅल्स म्हणजे मीठ. त्यांच्या अंगात लाल रंगद्रव्य असते. लाल पाणी ऊन जास्त शोषते, लवकर तापते आणि लवकर आटते, म्हणून मीठ पिकवणाऱ्याला हा लाल रंग हवासा असतो. मासळी खारवणाऱ्याला तो नकोसा, कारण खारवलेल्या माशावर हेच जीव गुलाबी-लाल डाग पाडतात. कॅनडात हॅरिसन आणि केनेडी यांनी १९२२ मध्ये खारवलेल्या कॉड माशावरच्या अशाच लाल डागांचा अभ्यास प्रसिद्ध केला होता.

ही बाटली मी माझ्या मामेबहिणीकडे नेली. ती आधी बारा वर्षे एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत होती, आता कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. माझा मूळ हेतू सरळ होता. हल्ली जंतू ओळखणारी यंत्रे आली आहेत, पट्ट्या आणि किट आली आहेत, असे तिच्याच तोंडून ऐकले होते. म्हटले, घालू बाटली यंत्रात आणि विचारू नाव.

"दादा, हे असं उघड्या हातांनी भरून आणलंस?" हा तिचा पहिला प्रश्न. दुसरा, "आणि याला यंत्रात घालायचं?" त्यावर ती हसली ती काकांसारखीच.

यंत्रात घालायचे म्हणजे काय हे समजायला तिने मला आधी ताटली दाखवली. पेट्री डिश, तिच्यात घट्ट बसलेली जेली. त्या जेलीला ही मंडळी अगार म्हणतात. मुर्ध्याच्या आगरातून निघून मी अगारापाशी पोचलो होतो, आणि या दोन शब्दांचा एकमेकांशी काही संबंध नाही याचे मला मनापासून वाईट वाटले. आपला आगर हा मिठाचा, नारळीचा, कोकणातला. त्यांचा अगार मलय भाषेतून आलेला, समुद्रशेवाळाचा. आपण ज्याला चायना ग्रास म्हणून पुडिंगात घालतो तोच. रॉबर्ट कॉखच्या प्रयोगशाळेत आधी जिलेटिन वापरीत. ते उन्हाळ्यात वितळायचे आणि काही जंतू तर ते खाऊनच टाकायचे. तिथल्या वाल्टर हेसे या संशोधकाची पत्नी फॅनी हेसे हिने १८८१ च्या सुमारास सुचवले, की माझ्या जेली उन्हाळ्यातही घट्ट राहतात त्या अगारामुळे. तिला ही युक्ती जावामध्ये राहून आलेल्या ओळखीच्या कुटुंबाकडून कळली होती. एका स्वयंपाकघरातून आलेल्या या वस्तूवर आज जगातली प्रत्येक प्रयोगशाळा उभी आहे. फॅनीबाईंचे नाव मात्र त्या ताटलीला कधी लागले नाही. ताटलीला लागले ते पेट्रीचे.

अगारावर जंतू वाढले, की एका जंतूपासून वाढलेला ठिपका म्हणजे कॉलनी. हा ठिपका कुणाचा हे ओळखणे म्हणजे या शास्त्राचा निम्मा धंदा. नुसत्या डोळ्यांना सगळे दाणे सारखेच. म्हणून जंतूची सवय बघायची. साखर दिली तर आंबवतो का, युरिया फोडतो का, कुजक्या अंड्याचा वास येणारा वायू सोडतो का. माणूस ओळखण्यासाठी त्याच्या पानात काय काय वाढले की तो काय टाकतो, हे बघण्यासारखेच.

मुंबईत या ओळखीचा एक फार जुना आणि फार घरगुती नमुना आहे. १८९६ च्या सप्टेंबरात मांडवीत डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी गाठीचा प्लेग ओळखला. ऑक्टोबरात वाल्डेमार हाफकिन मुंबईत आला आणि ग्रँट मेडिकल कॉलेजात त्याने काम सुरू केले. प्लेगचा जंतू त्याने मांसाच्या कढणात वाढवला आणि त्या कढणावर चक्क साजूक तूप तरंगत ठेवले. प्लेगचा जंतू त्या तुपाच्या थेंबांना धरून खाली लोंबकळत वाढायचा, गुहेच्या छताला चुनखडीचे सुळके लोंबावेत तसा. दुसरा कुणी शिरला असेल तर असे सुळके यायचे नाहीत. बाटली हलवायची नाही एवढेच पथ्य. १० जानेवारी १८९७ ला त्याने स्वतःवर लस टोचून घेतली ती याच कढणातून बनवलेली. म्हणजे मुंबईतली जंतू ओळखण्याची एक पहिली चाचणी तुपावर चालली. आजच्या किटच्या खोक्यावर हे छापले तर खप वाढेल.

हाफकिनच्या तुपानंतर पाऊणशे वर्षे काचेच्या नळ्यांची होती. एका जंतूसाठी पंधरा-वीस नळ्या, प्रत्येकीत वेगळा पदार्थ, प्रत्येक नळी धुवायची, भरायची, वाफेत निर्जंतुक करायची. माझ्या बहिणीच्या गुरुबाई सांगायच्या, की त्यांच्या तरुणपणी लग्नाच्या पंगतीत जेवढी पात्रे नसतील तेवढ्या नळ्या त्या रोज भरत. १९७० च्या सुमारास अमेरिकेतल्या अ‍ॅनालिटॅब प्रॉडक्ट्स या कंपनीने त्या सगळ्या नळ्या प्लास्टिकच्या एका पट्टीत बसवल्या. ती एपीआय २० ई. तळहातापेक्षा थोडी लांब पट्टी, तिच्यात वीस इवलेसे प्याले, प्रत्येकात सुकवलेला एक पदार्थ. ताटलीवरची कॉलनी मिठाच्या पाण्यात कालवायची, ते दुधट पाणी प्रत्येक प्याल्यात सोडायचे, काहींवर तेलाचा थेंब घालून हवा तोडायची आणि पट्टी रात्रभर उबवायला ठेवायची.

सकाळी रंग वाचायचे. मग येतो आकड्यांचा खेळ, आणि त्यातली युक्ती मला फार आवडली. तिने मला इ. कोलायची पट्टी वाचून दाखवली. प्याले तीन-तीनच्या गटात. गटातल्या पहिल्याला १, दुसऱ्याला २, तिसऱ्याला ४ गुण, चाचणी होकारार्थी असेल तरच. पहिल्या गटात पहिला आणि तिसरा होकारार्थी, म्हणजे पाच. दुसऱ्यात नुसता पहिला, म्हणून एक. तिसऱ्यात इंडोल, त्यावर थेंब टाकताच गुलाबी कडे उमटते, म्हणून चार. पुढे ग्लुकोजचे चार, मग मॅनिटॉल आणि सॉर्बिटॉल मिळून पाच, मग तिन्ही होकारार्थी म्हणून सात, आणि शेवटी ऑक्सिडेजची वेगळी चाचणी धरून दोन. ५१४४५७२. १, २, ४ असे गुण घेतले की कोणत्याही बेरजेचा एकच अर्थ निघतो. पाच म्हणजे पहिला आणि तिसरा, दुसरे काही असूच शकत नाही. हा सात आकडी नंबर जाडजूड वहीत शोधायचा. समोर लिहिलेले असते: इ. कोलाय. आणि त्यापुढे टक्के.

हे टक्के पुढे महत्त्वाचे ठरणार आहेत, म्हणून इथे थोडे थांबतो. पट्टीच्या पुढे ९९.९ टक्के लिहून येते तेव्हा वाचणाऱ्याला वाटते, की हा इ. कोलाय असण्याची खात्री ९९.९ टक्के. तसे नाही. त्याचा अर्थ एवढाच, की या वहीत ज्या ज्या जंतूंची नावे आहेत त्यांपैकी कुणाशी याचे सर्वांत जास्त जुळते. वहीत नसलेला कुणी समोर उभा असेल तर वही ते सांगू शकत नाही. ती सगळ्यात जवळच्या शेजाऱ्याचे नाव सांगते, आणि ते मोठ्या आत्मविश्वासाने सांगते.

मिठागरांच्या भागात ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. सातबाऱ्यावर ज्याचे नाव तो मालक. उन्हातान्हात बांध घालणाऱ्याचे नाव तिथे नसेल तर कागदाच्या दृष्टीने तो नाहीच.

पट्टीनंतर यंत्र आले आणि त्याचे मूळ मंगळावर आहे. १९६०-७० च्या दशकांत नासाला मंगळावर यान पाठवून तिथे सूक्ष्म जीव आहेत का हे माणसाच्या हाताशिवाय तपासायचे होते. मॅकडोनेल डग्लस या विमाने बनवणाऱ्या कंपनीने त्यासाठी एक बंद डबी तयार केली: छोट्या छोट्या खळग्यांत खाद्य, नमुना आपोआप आत ओढला जाईल, प्रकाश आरपार जातो की अडतो हे मोजून वाढ कळेल. ती मोहीम रद्द झाली. कल्पना उरली. कंपनीने तीच डबी रुग्णालयांकडे वळवली, आधी लघवीच्या नमुन्यांसाठी. पुढे ती बायोमेर्यू या फ्रेंच कंपनीकडे गेली आणि आज व्हायटेक २ या नावाने जगभरच्या मोठ्या प्रयोगशाळांत उभी आहे. मंगळावरचा जीव शोधायला निघालेले यंत्र आता मुंबईत मूत्रमार्गाचा संसर्ग शोधते. मला यात काही कमीपणा वाटत नाही. मंगळावर अजून कुणी तक्रार केलेली नाही.

यंत्राच्या पत्त्यात, म्हणजे खेळायच्या पत्त्याएवढ्या प्लास्टिकच्या कार्डात, चौसष्ट खळगे असतात. कॉलनी मिठाच्या पाण्यात कालवायची. हे मीठ अर्धा टक्का, नेमके सांगायचे तर ०.४५ ते ०.५० टक्के. किती गढूळ करायचे याचेही माप असते, ०.५ ते ०.६३ मॅकफारलँड, आणि ते मोजायला छोटा मापक असतो. नळीत सळी बुडवायची, कार्डाची बारीक नळी त्यात सोडायची, बाकी सारे यंत्र करते. निर्वात करून पाणी कार्डात ओढणे, नळी कापून कार्ड सील करणे, ते ३५ अंशांच्या थोडे वर उबवणे, दर पंधरा मिनिटांनी प्रत्येक खळग्यातून प्रकाश सोडून बघणे. बऱ्याच जंतूंचे नाव दहा तासांच्या आत हाती येते. दुसऱ्या कार्डात कोणते अँटिबायोटिक लागू पडेल हेही. बहीण रुग्णालयात असताना रात्री कार्ड लावून घरी यायची आणि सकाळी आयसीयूच्या डॉक्टरांचा फोन यायच्या आत उत्तर तयार असायचे. रक्तात जंतू गेलेल्या माणसासाठी एक रात्र म्हणजे काय, हे ज्याच्या घरातले कुणी आयसीयूत होते त्याला वेगळे सांगायला नको.

यंत्र महाग, कार्डेही बाहेरून येणारी. छोट्या प्रयोगशाळांना ते परवडत नाही. तिथे मधला मार्ग देशी किटचा. जी. एम. वारके यांनी उभी केलेली मुंबईची हायमीडिया ही कंपनी अगारापासून बारा-पंचवीस चाचण्यांच्या पट्ट्यांपर्यंत सारे बनवते, आणि भारतातल्या जवळपास प्रत्येक सूक्ष्मजीवशास्त्राच्या विद्यार्थ्याने तिचा पांढरा डबा उघडलेला असतो. त्याहून साधी चाचणी हवी तर ग्वाल्हेरच्या मांजा, मौर्य आणि राव यांची. १९८२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या बुलेटिनात त्यांनी प्रसिद्ध केलेली ही बाटली पिण्याच्या पाण्यात मैला मिसळला असेल तर काळी पडते. ती नाव सांगत नाही. फक्त सांगते, पिऊ नका. गावातल्या विहिरीवर उभ्या असलेल्या बाईला एवढेच हवे असते.

आता शेजाऱ्याच्या नावाबद्दल. काही वर्षांपूर्वी माझ्या आईच्या लघवीच्या तपासणीचा अहवाल एका प्रयोगशाळेतून आला. त्यात जंतूचे नाव होते स्फिंगोमोनास पॉसिमोबिलिस. घरात सगळ्यांनी ते नाव दोन-तीनदा मोठ्याने वाचले आणि दर वाचनाला आईची तब्येत आणखी बिघडल्यासारखी वाटली. बहिणीला फोन केला. तिने विचारले, ताप आहे का? नाही. जळजळ? नाही. "मग आत्याला पाणी पाजा आणि पुन्हा नमुना द्या, नीट धुऊन," ती म्हणाली. यंत्राला नीट न जुळणारा, बहुधा बाहेरून मिसळलेला कुणी असेल तर हे नाव बरेचदा येते, हे तिला नोकरीने शिकवले होते. दुसऱ्या नमुन्यात काही वाढले नाही.

हे हसण्यावारी गेले. कॅन्डिडा ऑरिसचे तसे नाही.

२००९ मध्ये जपानी संशोधकांनी टोकियोतल्या एका वृद्ध बाईच्या कानातून एक नवे यीस्ट शोधले. कान म्हणजे लॅटिनमध्ये ऑरिस. पुढच्या काही वर्षांत तेच यीस्ट आयसीयूतल्या रुग्णांच्या रक्तात, अनेक देशांत, भारतातही, सापडू लागले. फ्लुकोनाझोल या नेहमीच्या औषधाला ते बहुतेक ठिकाणी जुमानत नाही आणि पलंगाच्या दांड्यावर आठवडेच्या आठवडे टिकून राहते. प्रश्न असा झाला, की ते सापडत होते पण कळत नव्हते. व्हायटेकच्या कोशात ते तेव्हा नव्हते. म्हणून यंत्र सांगायचे, कॅन्डिडा हिम्युलोनी. दुसऱ्या कंपनीचे यंत्र दुसरे नाव सांगायचे, तिसऱ्याचे तिसरे. एपीआयची यीस्टची पट्टी तर सांगायची, रोडोटोरुला ग्लुटिनिस.

या शेवटच्या नावापाशी माझी बहीण थांबते. वर्गातही थांबते म्हणे. रोडोटोरुला हे लाल यीस्ट आहे; नावातच गुलाबाचा ऱ्होडो आहे. ताटलीवर ते प्रवाळासारखे गुलाबी-लाल दिसते. ऑरिस पांढरट. पट्टी म्हणते लाल, ताटली म्हणते पांढरे. ज्याने पट्टी वाचून अहवाल छापला तो फसला, आणि ज्याने पट्टी वाचून मान वळवून ताटलीकडे पाहिले तो थबकला. अमेरिकेच्या सीडीसीने प्रयोगशाळांसाठी जो मार्गदर्शक तक्ता काढला त्यात नेमके हेच लिहिलेले आहे: पट्टीने रोडोटोरुला म्हटले आणि लाल रंग नसेल, तर ऑरिसचा संशय धरा. कोट्यवधींच्या यंत्रांच्या जगात एका सरकारी तक्त्याने तंत्रज्ञाला सांगितले, डोळे उघडे ठेव. पुढे यंत्राच्या कोशात ऑरिसचे नाव घातले गेले, आणि त्याच यंत्राला ते ओळखता येऊ लागले.

या गोष्टीचा पुढचा तुकडा मला मुर्ध्याकडे परत घेऊन येतो. ऑरिस निसर्गात राहते कुठे हे कुणालाच ठाऊक नव्हते. दिल्लीच्या डॉ. अनुराधा चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अंदमानच्या किनाऱ्यावर शोध घेतला आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध केले, की ते खाऱ्या दलदलीत आणि समुद्राच्या वाळूत सापडले. रुग्णालयाबाहेर, निसर्गात, ते पहिल्यांदाच. दहा टक्के मिठातही ते वाढते, म्हणून खाऱ्या खाद्यातच त्याला इतरांपासून वेगळे काढतात. म्हणजे आयसीयूतल्या या पाहुण्याचे एक घर खाजणासारख्याच जागी निघाले. मुर्ध्याच्या खाजणात ते आहे असे मी अजिबात म्हणत नाही. एवढेच, की आयसीयूतल्या यंत्राची वही लिहिताना दलदलीकडे कुणी पाहिले नव्हते.

मातीकडेही फार पाहिले गेले नाही. मेलिऑयडोसिस हा आजार भातशेतीच्या चिखलातल्या जंतूमुळे होतो: बर्खोल्डेरिया स्यूडोमल्लाय. पावसाळ्यात, अनवाणी, आणि विशेषतः मधुमेह असलेल्या माणसाला. १९११ मध्ये रंगूनच्या रुग्णालयात आल्फ्रेड व्हिटमोर आणि सी. एस. कृष्णस्वामी यांनी तो शोधला आणि पुढच्या वर्षी 'इंडियन मेडिकल गॅझेट'मध्ये लिहिला. भारतातला पहिला रुग्ण म्हणून ज्याची नोंद झाली तो १९९१ मध्ये, मुंबईतून, एक लहान मूल. तेव्हापासून कर्नाटकाच्या किनाऱ्यावरून, मणिपाल-उडुपीकडून बरेच रुग्ण नोंदले गेले. हा आजार क्षयासारखा दिसतो, कधी साध्या गळवासारखा. उपचारात आधी शिरेतून सेफ्टाझिडिम किंवा मेरोपेनेम, आणि मग तीन-तीन महिने गोळ्या. नाव चुकले तर हे सारे चुकते. आणि नाव चुकते. यंत्राने आणि पट्टीने त्याला त्याच्या चुलतभावाच्या, बर्खोल्डेरिया सेपेसियाच्या नावाने ओळखल्याच्या नोंदी आहेत. चुलतभाऊ बहुतेकांना विशेष त्रास न देणारा, हा जीव घेणारा.

इथेही जुन्या पद्धतीची एक खूण आहे. ऑक्सिडेज चाचणी होकारार्थी, सूक्ष्मदर्शकाखाली दोन्ही टोके रंगलेली, सेफ्टी पिनेसारखा दिसणारा दंडगोल. जेंटामायसिनला दाद देत नाही, कोलिस्टिनलाही नाही, पण ऑगमेंटिनपुढे मान टाकतो. काही रुपयांच्या तीन चकत्या. हे तिघे असे जुळले की तंत्रज्ञाने ताटली लगेच बंद करून बंदिस्त कपाटात न्यायची आणि वास घ्यायचा नाही, कितीही मोह झाला तरी. जुने तंत्रज्ञ वासावरून जंतू ओळखत. द्राक्षासारखा वास आला की स्यूडोमोनास. या एका ताटलीसाठी ती जुनी सवय मोडावी लागते.

क्षयाच्या तपासणीत वेगळाच मार्ग निवडला गेला. सीबीनॅट म्हणजे जीनएक्स्पर्ट, आणि गोव्यातल्या वेर्ण्याच्या मोलबायो कंपनीचे ट्रूनॅट, ज्याला २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने मान्यता दिली. ही यंत्रे नाव शोधतच नाहीत. ती एकच प्रश्न विचारतात: क्षयाचा जंतू आहे का, आणि रिफाम्पिसिनला तो बधतो का? ट्रूनॅट बॅटरीवर चालते, म्हणून गावच्या आरोग्य केंद्रातही बसते. उत्तर स्वच्छ, दोन तासांच्या आसपास. जे विचारले नाही त्यावर मौन. मला हे मौन प्रामाणिक वाटते.

माझ्या बाटलीचे काय झाले? बहिणीने वीस टक्के मीठ घातलेला अगार ओतला आणि त्यावर मुर्ध्याच्या पाण्याचा थेंब पसरला. रुग्णालयातल्या ताटल्या सकाळी लावल्या की दुसऱ्या दिवशी भरतात. ही अकरा दिवस कोरी राहिली. बाराव्या दिवशी मोहरीपेक्षा बारीक, लाल ठिपके. पहिल्यांदा तिनेच फोन केला, "दादा, तुझं पीक आलंय."

मग तिने मला तो प्रयोग करून दाखवला ज्यासाठी मी पुन्हा गेलो होतो. यंत्राला लागते तसे अर्धा टक्का मिठाचे पाणी नळीत घेतले. त्यात तारेने एक लाल कॉलनी कालवली. मापकात ठेवायच्या आधीच नळीतला गढूळपणा निवळत गेला. पाणी स्वच्छ झाले, फक्त किंचित गुलाबी, आणि घट्ट. तिने तार उचलली तर अंड्याच्या पांढऱ्या भागासारखी तार निघाली. हे त्या जिवाचे डीएनए. पंचवीस टक्के मिठात आरामात राहणारा जीव अर्धा टक्का मिठाच्या पाण्यात टिकला नाही. त्याच्या पेशीत बाहेरच्याइतकेच मीठ भरलेले असते आणि भिंत त्या मिठानेच सावरलेली असते. गोडे पाणी लागले की तो फुटतो. यंत्राने नाव चुकवण्याचा प्रश्न इथे आलाच नाही. नाव विचारायच्या पहिल्या पायरीवरच उत्तर देणारा संपला होता.

तिने दुसरी नळी घेतली, तिच्यात मुर्ध्याचेच गाळलेले पाणी, आणि त्यात दुसरी कॉलनी. ती गढूळ राहिली. सूक्ष्मदर्शकाखाली लहान दांडके, काही हलणारे. "हे कुठल्याच कार्डात बसत नाहीत," ती म्हणाली. "कार्ड बनवणाऱ्यांनी माणसाच्या अंगातलं मीठ धरलंय." खरे तर हे जीव जिवाणूही नाहीत. १९७७ मध्ये कार्ल वूजने दाखवले, की असे काही सूक्ष्मजीव जिवाणूंपासून फार दूरचे, स्वतंत्र कूळ आहेत, आणि त्याला आर्किया म्हणतात. कार्डाचा पहिलाच प्रश्न, रंगवल्यावर हा कुठल्या रंगाचा दिसणारा जिवाणू, तोच त्यांना लागू नाही.

मग नाव कळणार कसे? दोन वाटा आहेत. एक मॅल्डी-टॉफ. यात कॉलनीचा कण धातूच्या पाटीवर लावतात, वर एका सेंद्रिय आम्लाचा थर, आणि त्यावर लेझर मारला की प्रथिने उडतात. हलकी आधी पोचतात, जड मागून. त्यांच्या वजनाचा आलेख म्हणजे त्या जिवाचा ठसा. ही मूळ कल्पना जपानच्या कोइची तानाकाला सुचली ती एका चुकीतून, धातूच्या चूर्णात चुकून ग्लिसरीन मिसळून. ते वाया घालवण्यापेक्षा वापरून बघू म्हणाला, आणि २००२ चे रसायनशास्त्राचे नोबेल त्यातूनच आले. काही मिनिटांत नाव. पण मॅल्डीलाही वही लागतेच; ठशांच्या संग्रहात मुर्ध्याचा ठसा नसेल तर तीही म्हणेल, ओळख नाही. तेवढे तरी ती सरळ म्हणते. दुसरी वाट जनुकाची, १६एस नावाचा तुकडा वाचण्याची. त्यासाठी पुण्याला, एनसीसीएस या पेशीविज्ञान संस्थेत २००९ पासून असलेल्या राष्ट्रीय सूक्ष्मजीव संग्रहाकडे नमुना पाठवावा लागेल. लाखोंनी जिवंत नमुने सांभाळणारे ते एक प्रकारचे कोठारच आहे. कितीतरी नमुने नाव नसलेलेही, नुसत्या क्रमांकांनी ओळखले जाणारे.

मी मे महिन्यात पुन्हा मुर्ध्याला गेलो. काका बांधावर होते. वाफ्यातले मीठ ओढून ढिगारे घातले होते. मी सांगितले, बाटलीतले वाढले. त्यांनी विचारले, "मंग, नाव काय त्याचा?"

मी म्हटले, अजून कळले नाही, पुण्याला पाठवायचे आहे.

काका म्हणाले, जाऊ द्या, पाणी लाल झाले की ते आहे. पाऊस आला की जाते.

बहिणीच्या इन्क्युबेटरमध्ये ताटली अजून आहे. झाकणावर तिने काचेवर लिहायच्या पेन्सिलीने लिहिले आहे: मुर्धा १, मीठ २० टक्के. नावाची जागा तिने रिकामी सोडली आहे. जागा बरीच मोठी ठेवली आहे.